निकाल कुठे झुकतोय, एवढं तरी घरी सांगू का?

ताई, नमस्कार.

मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. जूनपासून एका वरिष्ठ जिल्हा न्यायाधीशांकडे नेमणूक आहे. पदनाम काहीही असो, काम स्वीय सहायकाचंच: डिक्टेशन, टायपिंग, साहेबांचा पत्रव्यवहार, फोन, त्यांच्या तारखा सांभाळणं. साहेब कडक आहेत, पण कधी अपमान करत नाहीत. काम मला मनापासून आवडतं.

अडचण घरातून आली आहे. माझ्या नणंदेचे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, त्यांचं जमिनीच्या वाटपाचं अपील नेमकं साहेबांसमोर आहे. समोर त्यांची सख्खी बहीण. डिक्टेशनला बसले आणि पक्षकारांची नावं ऐकून माझा हात थांबला. युक्तिवाद झालेत, प्रकरण निकालासाठी ठेवलंय. मी कुणाकडे काम करते हे अण्णांना कळलंय. तेव्हापासून सासूबाई रोज म्हणतात, "आपलं माणूस आत असून काय उपयोग? लेकीच्या सासरी माझी मान खाली जाते." अण्णा म्हणतात, साहेबांना एक शब्द बोलू नकोस, फक्त कुठे झुकतंय तेवढं सांग, म्हणजे वेळेत तडजोड तरी करता येईल. नवरा काही म्हणत नाही, पण मी सांगून टाकावं असं त्यालाही वाटतं. पुढच्या आठवड्यात नणंदेच्या दिराचा साखरपुडा आहे, तिथे सगळे भेटणारच.

साहेबांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास उडेल का? मला दुसरीकडे टाकतील का? आणि नुसतं "तडजोड करा" म्हटलं तर त्यात काय वाईट? घरी आल्यावर कुणाशी काही बोलता येत नाही, रात्री झोप लागत नाही.

– एक लघुलेखिका, धायरी

*

तुझ्या पत्रात आणखी दोन ओळी होत्या. डिक्टेशन कुठल्या दिशेने चाललंय याचा तुझा अंदाज त्यात होता. त्या ओळी मी इथे छापल्या नाहीत, माझ्याकडची प्रतही फाडून टाकली, आणि नात्यांचे तपशील ओळखता येणार नाहीत इतके बदलले. रागावून सांगत नाही. इतके दिवस मनात कोंडलेलं कुठेतरी बाहेर पडणारच. पण यापुढे ते कुणालाही लिहू नकोस, मलासुद्धा नाही.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारणं मागून. अण्णांना काही सांगायचं नाही. तडजोडीचंही नाही. आणि साहेबांना मात्र सांगायचं, उद्या सकाळी, बोर्ड म्हणजे दिवसाचं कामकाज सुरू होण्याआधी.

मीसुद्धा नोकरीची सगळी वर्षं कोर्टात लघुलेखनच केलं. टाइपरायटरवर कार्बन घालून साक्षीपुरावे टंकले, मग संगणक आले. त्यामुळे "गुप्तता पाळावी" हे सेवानियमातलं वाक्य तुला वाचून दाखवणार नाही, ते तुला पाठ आहे. तुला छळतंय ते वेगळंच. तुला वाटतंय, आपल्याला निकाल ठाऊक आहे आणि आपण तो आपल्याच माणसांपासून लपवतोय. यातलं पहिलं गृहीतच बरोबर नाही. तुला निकाल ठाऊक नाही.

हे तुझं मन राखायला म्हणत नाही, कायदाच तसं म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९५३ चा एक निवाडा आहे, सुरेंद्र सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. लखनौला दोन न्यायमूर्तींनी एक फौजदारी अपील ऐकलं आणि निकाल राखून ठेवला. त्यांच्यातल्या एकांनी दोघांच्या वतीने निकालपत्र तयार केलं, सही केली आणि ते दुसऱ्यांकडे पाठवलं. पण ते जाहीर होण्याआधी सही करणारे न्यायमूर्ती वारले. दुसऱ्यांनी नंतर त्याच निकालपत्रावर आपलीही सही करून ते जाहीर केलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल ग्राह्य धरला नाही. निवाडा लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे आधी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांचं म्हणणं असं की, खुल्या न्यायालयात जाहीर होत नाही तोवर कागदावर सही असली तरी तो मसुदाच. न्यायाधीशाला अगदी शेवटच्या क्षणापर्यंत मत बदलायची मुभा असते, आणि गेलेल्या माणसाला ती मुभा वापरता येत नाही.

विचार कर, दोन्ही सह्या असलेला कागद निकाल ठरला नाही. तुझ्या वहीत तर अर्धवट डिक्टेशन आहे. तुझ्या साहेबांसमोरचं प्रकरण अपील आहे, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१ लागू. त्यातही हेच आहे: निकाल खुल्या न्यायालयात द्यायचा, लेखी द्यायचा, त्यात निर्णयाचे मुद्दे, त्यावरचा निर्णय आणि कारणं हवीत, आणि सही व तारीख जाहीर करतेवेळी घालायची.

प्रत्यक्षात काय होतं ते तूही पाहिलं असशील. न्यायाधीश आधी हकिगत सांगतात, मग एका बाजूचा पुरावा, मग दुसऱ्या बाजूचा. ऐकणाऱ्याला वाटतं कौल ठरला. मग एखाद्या निशाणीपाशी, म्हणजे पुराव्यातल्या कागदापाशी, आवाज थांबतो. "जरा तो फेरफार काढा." सातबारा, फेरफार, जुनं वाटणीपत्र, सगळं टेबलावर पसरतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणतात, "कालची शेवटची तीन पानं काढून टाका." नीट विचार करणाऱ्या न्यायाधीशाकडे हे घडतंच. कारणं लिहून काढताना त्याला स्वतःलाच कळतं की एक कारण टिकत नाही. त्या वेळी खोलीत फक्त तू असतेस. त्याला मोकळेपणाने मत बदलता यावं म्हणून ते दार बंद असतं. तू अण्णांना काही सांगितलंस आणि चार दिवसांनी पानं बदलली, तर तू त्यांना खोटं सांगितलेलं असेल, आणि मग तेच म्हणतील की मधल्या दिवसांत समोरच्यांनी काहीतरी केलं. साहेबांच्या नावाला असा डाग लागेल जो कुठल्याही अपिलात पुसता येत नाही.

आता त्या बहिणीबद्दल. तुझ्या सगळ्या पत्रात तिच्यासाठी एकच वाक्य आहे: समोर त्यांची सख्खी बहीण. मला मात्र पत्र वाचल्यापासून तीच दिसते आहे. कोण बरोबर हे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पण हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तो हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. तेव्हापासून आपल्याकडच्या कोर्टांत असे दावे घेऊन किती बहिणी येतात हे तू बोर्डावर रोज वाचतेस. भावावर दावा लावणाऱ्या बाईचं माहेर बहुतेक वेळा तिथेच संपतं. भाऊबीज बंद होते, लग्नाच्या पत्रिका येत नाहीत. तुमच्या त्या साखरपुड्याला अण्णांची ही बहीण असेल का, सांग. वकिलाची फी, तारखेला येणं, दिवसभर व्हरांड्यात बसणं, एवढं सोसून ती जिन्यापर्यंत येते ते एकाच भरवशावर: आत बसलेला माणूस आपला नसला तरी त्यांचाही नाही. तिचं कुणी आत नाही. म्हणून तिची बाजू आत फक्त तुझ्या गप्प राहण्याने सांभाळली जाते. सासूबाईंना वाटतं तू अण्णांचं काहीतरी अडवून धरलंयस. खरं तर जी वस्तू तुझी नाहीच, त्या दोघांची मिळून आहे, ती तू एकाला द्यायला नकार देते आहेस.

"नुसतं तडजोड करा म्हटलं तर?" याचं उत्तरही यातच आहे. कोर्टात काम करणारी सून निकालाच्या तोंडावर "तडजोड करा" म्हणाली, की अण्णांना कळायचं ते कळलंच. ते घाईघाईने बहिणीकडे जातील, गोड बोलतील, एखादा तुकडा देऊ करतील. आणि ती बिचारी, भाऊ एवढ्या वर्षांनी दारात आला म्हणून विरघळून सही करेल. तिला वाटेल नातं जिंकलं. तुझं एक वाक्य तिच्या हक्कापेक्षा जड ठरेल आणि तिला ते कधी कळणारही नाही. तडजोड वाईट नाही. अपिलातही निकाल जाहीर होण्याआधी ती करता येते, लोकअदालत आहे, मध्यस्थी आहे. पण ती करावी की नाही हे अण्णांना त्यांच्या वकिलांनी सांगायचं. वकिलांना फाइल माहीत आहे आणि साहेबांचं मन माहीत नाही. सल्ला देणाऱ्या माणसाची तशीच स्थिती असायला हवी.

साहेबांना सांगण्याचं तुला भय वाटतं, ते मी समजू शकते. वरिष्ठ न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये घरगुती गोष्ट काढायची म्हणजे जीभ जड होते. म्हणून फार बोलूच नकोस. सकाळी चेंबरमध्ये जा आणि एवढंच म्हण: "साहेब, अमुक क्रमांकाच्या अपिलातले अपीलकर्ते माझ्या नणंदेचे सासरे आहेत. हे मला डिक्टेशन सुरू झाल्यावर कळलं. घरी किंवा पक्षकारांना मी काही सांगितलेलं नाही. हे डिक्टेशन दुसऱ्या कुणाला द्यावं, अशी विनंती." आणि याच चार ओळी कागदावर लिहून, तारीख घालून, सही करून त्यांच्या हातात दे. लेखी एवढ्यासाठी की उद्या कुणी तक्रार केली तर तू कुठल्या दिवशी काय सांगितलंस हे कागद बोलेल.

तिथे "घरचे विचारतात" हे सांगायचं का? त्यांनी विचारलं तर हो, खरं ते सांग. अण्णांची तक्रार करायला जाऊ नकोस, पण विचारल्यावर लपवूही नकोस. त्यांना पुढे काय करायचं, दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या कानावर घालायचं की नाही, हा त्यांचा निर्णय. त्यात तू मत देऊ नकोस.

बहुतेक काय होईल? त्या एका प्रकरणाचं काम दुसऱ्या लघुलेखकाकडे जाईल, किंवा साहेब स्वतः टाइप करतील. तुझी त्या प्रकरणाची वही आणि संगणकातली फाइल तू साहेब सांगतील त्यांच्या ताब्यात देशील, आणि त्यानंतर ते प्रकरण उघडून पाहणार नाहीस, चूक दुरुस्त करायलाही नाही. बाकीचं काम चालू राहील. समज, त्यांनी तुला दुसऱ्या कोर्टात पाठवलं. वाईट वाटेल, पण ती शिक्षा नसेल. आपली नेमणूक कोर्टाची असते, साहेबांची नव्हे; तीन-चार वर्षांनी त्यांचीच बदली होते आणि आपण त्याच खुर्चीवर नव्या साहेबांचा आवाज ओळखायला शिकतो. विश्वास उडेल म्हणतेस? साहेबांना हे तुझ्याकडून कळलं तर उडणार नाही. समोरच्या वकिलांच्या अर्जातून कळलं, तर मग उडेल.

आता घर. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण साहेब एकदा ऐकून घेतील आणि विषय संपेल, पण घरात तुला रोज राहायचंय.

एक गोष्ट आधी बंद कर. "सांगितलं तर माझी नोकरी जाईल" हे कारण देऊ नकोस. खरं असलं तरी देऊ नकोस. त्यावर घरच्यांचं उत्तर तयार असतं: "कुणाला कळणारे? आम्ही कुठे बोलणार आहोत?" मग पुढचा सगळा वाद पकडलं जाण्याच्या शक्यतेवर चालतो, आणि तू हरतेस. "बघते", "विचारते", "अजून काही कळलं नाही" हेही नको. त्याचा अर्थ ते आशा असा घेतात आणि चार दिवसांनी पुन्हा विचारतात. सरळ सांग, शांत आवाजात, आणि स्वतःच्या नावावर सांग: "मी सांगणार नाही."

सासूबाईंशी एकटीने बोल, नवऱ्यासमोर नको, नणंदेसमोर तर नकोच. "आई, अण्णांच्या केसचं मी काही सांगणार नाही. आज नाही, निकालाच्या आदल्या दिवशीही नाही. तुमची मान खाली जावी असं मला वाटत नाही. पण उद्या आपल्यावर कुणी केस केली आणि समोरच्याची सून आत बसलेली असली, तर आपल्याला कसं वाटेल?" हा प्रश्न त्यांना समजेल. मुलीच्या सासरी आपली पत राहावी म्हणून त्या तळमळतात, त्यात वाईट काही नाही. त्यांच्या पिढीच्या कितीतरी बायकांना लेकीचं सुख असंच सांभाळावं लागलं. त्यांना दोष देऊ नकोस. पण त्यांच्या काळजीची किंमत त्या परक्या बाईने का द्यायची?

नवऱ्याला मात्र एक काम दे. "तू मला काही विचारायचं नाहीस" एवढ्यावर थांबू नकोस. त्याला म्हण, "अण्णांना तूच सांग की तिला विचारू नका." आपल्याकडे सुनेने व्याह्यांना नाही म्हटलं की तो उद्धटपणा ठरतो, मुलाने म्हटलं तर तो निर्णय ठरतो. हे बरोबर नाही, पण पुढच्या आठवड्यापर्यंत ते बदलणारही नाही. तेव्हा हा निरोप त्यानेच पोचवू दे. त्याच्या गप्प बसण्याने सगळा भार तुझ्या एकटीवर आलाय, हेही त्याला स्पष्ट सांग.

अण्णांना त्याने आणखी एक सांगायला हवं: "आमची सून साहेबांकडेच आहे" हे कुठे बोलू नका. ते सहज, अभिमानाने म्हणत असतील. पण कोर्टाच्या आवारात अशा वाक्यांवर पोट भरणारे लोक असतात. ते दोन्ही पक्षकारांना गाठतात, "साहेबांच्या माणसापर्यंत माझी पोच आहे" म्हणून पैसे उचलतात आणि काहीही करत नाहीत. निकाल बाजूने लागला तर पैसे खिशात, विरुद्ध लागला तर "समोरच्याने जास्त दिले" म्हणून थोडे परत. त्या साहेबांच्या माणसाला, म्हणजे तुला, यातलं काहीही ठाऊक नसतं, आणि पहिली तक्रार होते ती तुझ्या नावाने. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, त्यात अनुचित लाभ म्हणजे केवळ पैसा नव्हे हे स्पष्ट आहे, आणि लोकसेवकावर वैयक्तिक वजन वापरतो असं सांगून लाभ घेणाराही त्यात सापडतो. तुझं नाव अण्णांच्या तोंडी आलं तर ते त्यांनाही गोत्यात आणेल. नवऱ्याने हे त्यांना त्यांच्या भल्यासाठी म्हणून सांगावं, कारण ते खरोखर त्यांच्या भल्याचं आहे.

वकिलांबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारतील ते. "मॅडम, साहेबांचं काय मत दिसतंय?", "ऑपरेटिव्ह, म्हणजे शेवटचा आदेश, झाला का?" तारीख, बोर्ड, साहेब रजेवर आहेत का, आदेश अपलोड झाला का, हे सगळ्यांसाठी खुलं आहे, ते दोन्ही बाजूंना सारखं सांगावं. त्यापलीकडे "न्यायालयात कळेल" एवढंच. घरी पेनड्राइव्ह नेणं बंद कर, कितीही उशीर होवो. चुकीची छापलेली पानं टोपलीत टाकू नकोस, फाडून टाक. मेट्रोत मैत्रिणीशी प्रकरणांवर बोलू नकोस; शिवाजीनगर कोर्टाच्या स्थानकावर चढणाऱ्यांत निम्मे तरी पक्षकार नाहीतर वकील असतात. आणि मसुद्यातला इंग्रजी उतारा मराठीत करायला कुठल्या फुकटच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपवर चिकटवू नकोस. तो मजकूर कुठे साठतो हे आपल्या हातात राहत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी याबद्दल लेखी धोरणच काढलं. आपल्याकडे प्रशासन देईल तेवढंच साधन वापरावं.

झोपेचं तू पत्राच्या शेवटी, अर्ध्या ओळीत लिहिलंस. मला ते सगळ्यात काळजीचं वाटलं.

आपल्या कामाचा हा भाग बाहेर कुणाला दिसत नाही. सत्र न्यायालयात बसणारी लघुलेखिका एखाद्या लहान मुलीची साक्ष शब्दन् शब्द टंकते, त्या मुलीचं नाव निकालपत्रात येणार नाही याची काळजी घेते, सहा वाजता संगणक बंद करते आणि घरी जाऊन कुकर लावते. "काय झालं आज?" म्हटलं की "काही नाही". अण्णांचं प्रकरण या सगळ्याच्या वर येऊन बसलंय. प्रकरणं सांगता येत नाहीत, पण थकवा सांगता येतो. "आज जे ऐकलं त्याने पोटात ढवळलं, काय ते विचारू नकोस, थोडा वेळ शेजारी बस," असं नवऱ्याला म्हणता येतं. नाव नाही, गाव नाही, गुन्हा नाही. कोर्टातल्या एखाद्या ज्येष्ठ लघुलेखिकेशीही असं बोल. तिला पुढचं काही न सांगता कळेल. साहेबांना सांगून झाल्यावर निम्मी झोप परत येईल, माझी खात्री आहे, कारण आत्ता तू दोन ठिकाणी गप्प आहेस, घरी आणि चेंबरमध्येही. एक ठिकाण मोकळं होऊ दे. तरीही पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जा, अंगावर काढू नकोस.

साखरपुड्याला जायचं. टाळलंस तर अण्णा त्याचाही अर्थ लावतील. नीट साडी नेसून जा, नणंदेला मदत कर, अण्णांना नमस्कार कर. त्यांनी बाजूला बोलावलं तर जाऊ नकोस, चार माणसांत उभी राहा. तरी विचारलंच तर आवाज न चढवता सांग, "अण्णा, ते मी सांगणार नाही. पण कोर्टाची जी माहिती सगळ्यांना मिळते, ती तुम्हालाही मी देईन." आणि ती खरंच दे, त्याने तुझं नाही म्हणणं कडू लागणार नाही. त्यांच्या नातवाच्या मोबाइलमध्ये ई-कोर्ट्सचं ॲप घालून दे, प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून प्रकरण कसं पाहायचं ते दाखव. कोर्टांच्या ज्या सीआयएस संगणक प्रणालीवरून ती माहिती येते ती पुण्याच्याच एनआयसीने, म्हणजे सरकारच्या संगणक संस्थेने, तयार केली आहे, हे ऐकून अण्णांना बरंही वाटेल. निकाल लागला की नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करायला सांग. निकाल विरुद्ध गेला तर दुसरं अपील मुंबईला उच्च न्यायालयात असतं, त्याची मुदत ९० दिवसांची, आणि नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. मात्र तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो, म्हणून वकिलांशी आधी बोलून ठेवा म्हणावं. हेच सगळं, याच शब्दांत, त्यांच्या बहिणीने विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं असतं. काय सांगावं आणि काय नाही असा प्रश्न पडला की तेवढं तपासून पाहा.

साहेबांशी बोलणं झालं की मला दोन ओळी लिही. प्रकरणाबद्दल काही नको, तू कशी आहेस एवढंच.